भिंतीवरचा डास

"त्याचं नाव काय म्हणलीस?" अण्णांनी विचारलं. त्या मदतनिसाचं नाव नाही अण्णा, रॉसलाच पुढं ते आठवलं नाही, तसं त्यानंच लिहून ठेवलंय, असं मी सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. सिकंदराबादेला, बेगमपेठच्या जुन्या विमानतळाजवळच्या त्या इमारतीत आम्ही उभे होतो, जिथं इंग्रजांच्या लष्करातल्या डॉक्टर रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. फोटो बघता बघता अण्णा थांबले होते आणि एका कोपऱ्याकडं टक लावून बघत होते. तिथं काहीच लावलेलं नव्हतं, नुसती भिंत होती. वडिलांचं हे बघणं मला लहानपणापासून ओळखीचं. कुणाच्याही घरी गेलं की चहा येईपर्यंत त्यांची नजर भिंतीच्या वरच्या भागावरून, आढ्याखालच्या अंधारावरून, खुंटीला टांगलेल्या कपड्यांमागून फिरून येते. आई म्हणायची, पाव्हण्याच्या घरी तरी डास शोधू नका. त्या दिवसाला आता बरेच महिने झाले, पण रॉसबद्दलचं बाकी सगळं बाजूला राहून अण्णांचा तो प्रश्नच माझ्या मागं लागला आहे.

आम्ही मुद्दाम गेलो नव्हतो. मराठवाड्यातल्या माणसाला दवाखान्यासाठी हैदराबाद गाठणं नवं नाही. अण्णांच्या डोळ्याची तपासणी होती, परभणीहून रात्रीच्या गाडीनं निघालो, ती आटोपली आणि परतीच्या गाडीला अख्खा दिवस हाताशी राहिला. मला वाटलं, चारमिनारकडं जाऊ, नाही तर कुठं तरी बसून इराणी चहा घेऊ. अण्णाच म्हणाले, "ते रॉस साहेबाचं ठिकाण इथंच आहे ना गं? ट्रेनिंगला सांगितलं होतं आम्हाला." मलेरियाच्या कामावर नोकरीला लागताना झालेल्या ट्रेनिंगमधली ती गोष्ट इतकी वर्षं त्यांनी मनात ठेवली होती आणि इतक्या वेळा हैदराबादला येऊनही कधी बोलून दाखवली नव्हती. रिक्षावाल्याला रॉस कळेना. मग अण्णांनी आपल्याकडच्या दखनीत समजावलं, "वो मच्छरवाले डाक्टर का पुराना दवाखाना." तरी त्याला कळेना. शेवटी विचारत विचारतच पोचलो.

संग्रहालय म्हणावं तर ते फार लहान आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाकडं ही वास्तू आहे. जुन्या लष्करी बांधणीची जाड भिंतींची इमारत, बाहेरच्या रस्त्यावर गाड्यांचा सतत आवाज, आणि आत आल्याबरोबर अंगाला लागणारा तो बंद खोल्यांचा गारवा. भिंतींवर फोटो, माहितीचे फलक. घाईतला माणूस चहा निवायच्या आत बघून बाहेर पडेल. अण्णांना मात्र वेळ लागला. ते चष्मा काढून, पुन्हा लावून, एकेक ओळ बोटानं धरून वाचत होते. इंग्रजी त्यांना अडखळत येतं, पण प्लाझ्मोडियम, अ‍ॅनोफिलिस, गॅमेटोसाइट हे शब्द ते असे वाचतात की जणू गावातल्या ओळखीच्या माणसांची नावं घेताहेत. मी नुसती त्यांच्यामागून चालत होते. अशी ठिकाणं मोठी नसतात हेच बरं, असं मला तिथं वाटलं. मोठ्या संग्रहालयात माणूस वस्तू बघतो. इथं बघायला वस्तू फार नाहीत, त्यामुळं एक माणूस या खोल्यांत दिवसचे दिवस काय करत बसला असेल याचाच विचार होतो.

काय करत होता, ते त्यानं १९२३ साली छापलेल्या आपल्या आठवणींत लिहिलं आहे. आदल्या रात्री गाडीत अण्णांना झोप लागल्यावर मी त्यातली काही पानं मोबाईलवर वाचली होती. डास चिरायचे. मलेरिया झालेल्या माणसाचं रक्त प्यालेला डास घ्यायचा, बारीक सुयांनी त्याचं पोट उघडायचं आणि कणाकणानं सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं. उन्हाळा असा की कपाळावरून गळणाऱ्या घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले आणि डोळ्याजवळचं शेवटचं उरलेलं भिंग तडकलं. पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्यानं चिरलेला डास उडून जाईल. चिलटं डोळ्यांत आणि कानांत शिरायची. हे चिलटांचं वाचून मला एकदम आपला जेठ-आषाढ आठवला, पहिला पाऊस पडून गेल्यावर डोळ्याशी घोंगावणारी ती बारीक चिलटं, ज्यांच्यापायी अंगणात बसून जेवता येत नाही. आपण दोन घास खाताना वैतागतो. हा माणूस त्यांच्यात तासन्‌तास एका भिंगाला डोळा लावून बसला होता.

रोगाचा जंतू कोणता, हे तोवर कळलं होतं. फ्रेंच डॉक्टर लाव्हेराँनं १८८० साली अल्जीरियात तो माणसाच्या रक्तात पाहिला होता. पण एका माणसातून दुसऱ्यात तो जातो कसा, हे कोडंच होतं. रॉसला या वाटेवर आणलं ते लंडनच्या डॉक्टर पॅट्रिक मॅन्सननं, डास हा जंतू वाहत असावा असा त्याचा अंदाज होता. मात्र डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो, अशी त्याची समजूत होती. म्हणून १८९५ साली सिकंदराबादेतच रॉसनं काही माणसांना डास मेलेलं पाणी प्यायला दिलं. त्यांतल्या लछमन नावाच्या एकाला ताप आलाही, पण तो मलेरियाचा ठरला नाही. हे वाचताना माझ्या पोटात कसं तरी झालं. पैशासाठी पाणी पिणारा लछमन, आणि त्याला ताप येण्याची वाट बघणारा डॉक्टर. त्या काळी हीच रीत होती, हे मला कळतं. पण कळलं म्हणून कसं तरी व्हायचं थांबत नाही.

दोन वर्षं हाती काही लागलं नाही, याचं कारण रॉस चिरत होता ते डासच वेगळे होते. करडे आणि चट्ट्यापट्ट्यांचे, म्हणजे आपण ज्यांना आज क्युलेक्स आणि एडिस म्हणतो ते. माणसाचा मलेरिया त्यांच्या पोटात वाढतच नाही, तो वाढतो अ‍ॅनोफिलिस जातीच्या डासात. कितीही हजार चिरले असते तरी काही दिसलं नसतं. १८९७ च्या ऑगस्टच्या मध्यात एक दिवस दवाखान्यातल्या मदतनिसानं, ज्याला त्या वेळी हॉस्पिटल असिस्टंट म्हणत, त्याला भिंतीवर बसलेला एक लहानसा डास दाखवला. शेपटीकडची बाजू भिंतीपासून वर उचलून बसलेला. रॉसनं तो प्रसंग लिहिला आहे आणि त्यातच सांगितलं आहे की त्या मदतनिसाचं नाव आपण विसरलो याचं आपल्याला फार वाईट वाटतं.

हे मी अण्णांना त्या खोलीत सांगितलं. तेव्हाच त्यांनी नाव विचारलं.

थोड्या वेळानं ते भिंतीजवळ गेले. उजव्या हाताची तर्जनी भिंतीवर टेकवली आणि मनगट वर उचललं, बोट भिंतीशी तिरकं राहील असं. "असा बसतो अ‍ॅनोफिलिस. डोकं भिंतीला, बूड वर. क्युलेक्स असा," म्हणून बोट भिंतीला समांतर आडवं केलं, "पाठीला पोक काढून. एकदा नजर बसली की अंधारातबी ओळखू येतो." मग म्हणाले, "ज्यानं पहिल्यांदा दाखवला त्याची नजर बसलेली होती बाई. त्यानं आधी किती डास पाहिले असतील."

हा विचार मला सुचला नव्हता. मी मदतनिसाचा प्रसंग नशिबाचा खेळ म्हणून वाचला होता, सहज कुणी तरी बोट दाखवलं आणि साहेबाचं काम झालं. अण्णांना त्यात सराव दिसला. भिंतीवरचा डास एरवी कुणाला दिसतो? दिसला तर आपण त्याला हातानं मारतो. तो वेगळा बसला आहे, हे कळायला बाकीचे कसे बसतात ते अंगात मुरलेलं असावं लागतं. तो माणूस दवाखान्यात मलमपट्टी करत असेल, औषधं वाटत असेल, आणि साहेब डास धरून आणायला सांगतो म्हणून भिंती बघायला शिकला असेल. कुणी सांगितलेलं नसताना त्यानं वेगळेपण टिपलं आणि ते सांगण्यासारखं आहे हे ओळखलं. याला निरीक्षण म्हणत नाहीत तर दुसरं कशाला म्हणतात?

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. अळ्यांपासून वाढवलेले तसल्याच जातीचे डास हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला चावू दिले. रक्त प्यालेल्या दर डासामागे हुसेन खानला एक आणा मिळाला. चार दिवसांनी, २० ऑगस्टला, त्यांतल्या एकाच्या जठराच्या भिंतीत रॉसला काही गोल पेशी दिसल्या, आणि त्या पेशींत काळे कण होते, माणसाच्या रक्तातल्या मलेरियाच्या जंतूत असतात तसेच. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांपैकी एक डास चिरला तर पेशी आणखी मोठ्या झालेल्या. म्हणजे तिथं काही तरी वाढत होतं. २० ऑगस्ट हाच दिवस आज जागतिक डास दिन म्हणून पाळतात. रॉसला त्यावर कविता सुचली, तो कविता करायचाच. महिनाभरात त्याची राजपुतान्यात बदली झाली. पुढं कलकत्त्यात त्यानं पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून जंतूचा डासाच्या लाळेपर्यंतचा रस्ता दाखवला. तिथंही हाताशी महमद बक्ष नावाचा मदतनीस होता. १९०२ साली नोबेल मिळालं.

रॉसबद्दल माझं मन अजून एका बाजूला झुकलेलं नाही. अल्मोड्याला जन्मलेला, बापाच्या आग्रहानं डॉक्टर झालेला, कवितेत आणि गणितात रमणारा हा माणूस. त्याची चिकाटी बघून हात जोडावेसे वाटतात. आणि हाच माणूस उरलेलं आयुष्य श्रेयासाठी भांडला. इटलीच्या ग्रासीशी त्याचा वाद तर किती तरी वर्षं चालला. माणसाचा मलेरिया अ‍ॅनोफिलिसमधून माणसात जातो हे ग्रासी आणि त्याच्या सोबत्यांनी १८९८ साली दाखवलं, ते रॉसला सहन झालं नाही. कोणत्या तारखेला कुणी काय पाहिलं, याचा तो पै-पैचा हिशेब ठेवायचा. एवढा हिशेब ठेवणाऱ्याला रोज सोबत असलेल्या माणसाचं नाव आठवू नये, हे मला लागतं. पण विसरलो आणि वाईट वाटतं, असं त्यानं लिहिलं नसतं तर तो मदतनीस होता हेही आपल्याला कळलं नसतं. डास मीच पाहिला असं लिहून टाकायला त्याला कुणी अडवणार नव्हतं. ते त्यानं केलं नाही. हे दोन्ही मला एकाच वेळी खरं वाटतं.

परतीच्या गाडीत अण्णा खूप बोलले. एरवी ते नोकरीबद्दल फारसं बोलत नाहीत. ते भरती झाले तेव्हा मलेरियानं देशात पुन्हा डोकं वर काढलं होतं. १९६५ च्या सुमारास वर्षाकाठी लाखभर रुग्ण उरले होते, रोग संपलाच असं सगळे धरून चालले होते, आणि १९७६ साली नोंद ६४ लाखांवर गेली. फवारणीच्या डीडीटीला डास दाद देईनासे झाले होते. जिंतूरकडचे डोंगर, येलदरीच्या धरणाच्या अलीकडची पलीकडची गावं, तांडे, हे अण्णांचं कार्यक्षेत्र. दर पंधरवड्याला प्रत्येक घराच्या दारात उभं राहायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, घरात कुणाला ताप आहे का, पंधरा दिवसांत येऊन गेला का. असेल तर रक्त घ्यायचं.

ते रक्त घेणं मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या सायकलच्या नळीवर बसून पाहिलेलं आहे. डाव्या हाताची अनामिका धरायची, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, वाळू द्यायची, मग एक टोच. पहिला थेंब कापसानं पुसून टाकायचा. पुढचे थेंब काचेच्या पट्टीवर एका बाजूला घेऊन कोपऱ्यानं गोल फिरवत दाट थर करायचा, आणि एक थेंब दुसऱ्या पट्टीच्या कडेनं ओढून पातळ थर, जिभेच्या आकाराचा, टोकाला विरत गेलेला. वाळला की त्या पातळ थरावरच पेन्सिलीनं नंबर लिहायचा. मग चार क्लोरोक्विन गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावायच्या, उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत म्हणून भाकरीचा तुकडा आधी. म्हाताऱ्या बाया हात मागं घ्यायच्या, "आधीच अंगात रगत नाही, आणि तू आणखी काढतूस." अण्णा तिथंच बसायचे. पाणी मागायचे, पेरणीचं विचारायचे. अर्ध्या तासानं तीच बाई बोट पुढं करायची. जाताना दाराशेजारच्या भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख आणि सही. आमच्या भागातल्या कितीक भिंतींवर माझ्या वडिलांची सही होती, हे मला लहानपणी फार मोठं वाटायचं.

दसऱ्याला बाया भिंती पोतारायच्या तेव्हा ती जायची.

भिंत पोतारण्यावरून अण्णांची आणि बायांची कायमची ओढाताण. अ‍ॅनोफिलिस रक्त पिऊन जड झाला की जवळच्या भिंतीवर बसून राहतो, म्हणून तर फवारणी भिंतींवर करायची. औषधाचा थर राहिला तर तो डास तिथंच मरणार. पण फवारणीचे पांढरे ओघळ घरात कोण ठेवून घेईल? टोळी गावाबाहेर पडायच्या आत बाया पांढऱ्या मातीचा बोळा घेऊन बसायच्या. सणासुदीचं घर असं डागाळलेलं कसं ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न आणि औषध पुसलं तर उपयोग काय, हा अण्णांचा. दोघांचंही बरोबर होतं. अण्णा सांगत होते की शेवटी ते फवारणीच्या आधीच गावात जाऊन बसायला लागले. बायांना म्हणायचे, आधी पोतारून घ्या, मग आम्ही मारतो. सणाच्या तारखा बघून फवारणीचा कार्यक्रम मागं पुढं करा म्हणून वर सांगायचे. कधी ऐकलं जायचं, कधी नाही.

रक्ताच्या काचा तालुक्याला जायच्या, प्रयोगशाळेत जेएसबी रंगात बुडवून तपासल्या जायच्या आणि निकाल यायचा तो नंबरानं. नंबर अमका, व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरियाचा एक प्रकार. मग अण्णांनी पुन्हा सायकल काढायची आणि प्रायमाक्विनचा समूळ उपचार द्यायचा, यकृतात दडलेला जंतू मरावा म्हणून. तोवर तो माणूस कापूस वेचायला दुसऱ्या शिवारात गेलेला असायचा, नाही तर ऊसतोडीला. त्याला हुडकत अण्णा किती लांब जात, ते आईकडून कळायचं. पण मला त्या गाडीत नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढ्या वर्षांनी अण्णा गावागणिक माणसं सांगत होते. अमक्या तांड्यावरची ती, एकाडएक दिवस हिव भरून यायचं आणि चार गोधड्यांखाली थडथडायची, तिचा मुलगा आता मास्तर आहे. तमक्या वाडीवरचा तो, रक्त द्यायला कधीच तयार झाला नाही. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. रजिस्टर त्यांनी कधीच जमा केलं, तरी नावं त्यांच्यापाशीच आहेत. रॉसवर त्यांचा राग नव्हता. त्यांना तसं विसरता येतं हेच खरं वाटत नव्हतं. "एका छपराखाली काम केलं म्हणतीस ना?" एवढंच पुन्हा एकदा म्हणाले.

रॉसच्या त्या पलटणीच्या दवाखान्याचे कागद कुठं तरी असतील. हजेरीपट, पगारपत्रकं, बदल्यांचे हुकूम. इंग्रजांच्या लष्करात कागदावाचून पान हलत नव्हतं. मला मनापासून वाटतं की उस्मानियाच्या नाही तर आपल्या नांदेड-संभाजीनगरच्या एखाद्या विद्यार्थ्यानं हे मनावर घ्यावं. १८९७ चा ऑगस्ट, बेगमपेठ, हॉस्पिटल असिस्टंट. एवढं नेमकं ठिकाण आणि एवढी नेमकी वेळ हाताशी असताना शोधायला सुरुवात तरी करता येईल. नाव सापडलं तर ते त्या खोलीत, जिथं अण्णांनी बोट टेकवलं त्या भिंतीवर, मोठ्या अक्षरात लिहावं.

मलेरिया आता आमच्या भागात क्वचितच ऐकू येतो. त्याची जागा डेंगीनं घेतली आहे, आणि हा डास निराळा. रॉसनं उगीच चिरले त्या पट्ट्यापट्ट्यांच्या जातीतला. डबक्यात, नाल्यात तो फारसा जात नाही. त्याला घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. दिवसा चावतो, आणि बसतो ते पलंगाखाली, कपड्यांमागं, अंधाऱ्या अडगळीत. अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवून. पाणी संपलं, भांडं वाळलं, तरी ती अंडी महिनोन्‌महिने तशीच राहतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात.

आणि आमच्या गल्लीत नळ येतो आठ-दहा दिवसांनी.

ज्या मुलखानं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलं आहे, तिथं माणसं पाणी कसं साठवतात हे सांगायला नको. टिपाडं, हौद, टाक्या, घागरी, मुलांच्या आंघोळीची बादलीसुद्धा रात्री भरून ठेवलेली. पावसाळ्यातसुद्धा, कारण पाऊस पडला म्हणून नळ लवकर येत नाही. ज्याच्याकडं टिपाडं जास्त तो सुखी. पाणी कमी म्हणून साठवण जास्त, आणि साठवण जास्त म्हणून डास जास्त. कोरड्या मुलखाला डासाचं दुखणं या वाटेनं आलं आहे, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, आमच्या शेजारच्या आक्कांच्या अंगणानं शिकवलं. तिथं निळ्या टिपाडांची रांग आहे. मागच्या पावसाळ्यात आशाताई बॅटरी घेऊन तपासणीला आल्या. एका टिपाडात उजेड टाकला तर अळ्या डोकी खाली करून लटकलेल्या, उजेड पडताच वळवळत तळाकडं पळाल्या. "आजी, हे ओतून द्यावं लागंल." आक्का शांतपणानं म्हणाल्या, "कशात ओतू माय? पुढचं पाणी कधी येईल ते सांग, मग ओतते." आशाताईंकडं उत्तर नव्हतं. अळ्या मारायचं अबेटचं द्रावण टाकू का म्हणाल्या, तर प्यायच्या पाण्यात औषध नको. आशाताईंच्या वहीत त्या घरापुढं खूण पडली आणि त्या पुढच्या दारात गेल्या. त्यांनाही अजून शंभर घरं बघायची होती.

हैदराबादहून आल्यावर अण्णा एका सकाळी आक्कांकडं जाऊन बसले. पाणी मागितलं. पिकाचं, गुडघ्याचं विचारलं. मग पांढऱ्या वाटीत टिपाडातलं पाणी घेऊन आक्कांना दाखवलं, ही अळी, हा कोष, हा परवा उडणार. आक्कांनी वाटी डोळ्याजवळ धरली. त्यांच्या नातवाला त्याच महिन्यात ताप येऊन गेला होता, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं करून झालं होतं. "हे माझ्या घरात?" एवढंच त्या म्हणाल्या. ओतायचं नाही, जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून दुसऱ्या टिपाडात गाळून घ्यायचं, रिकामं झालेलं काथ्यानं आतल्या कडेपर्यंत घासायचं, उन्हात पालथं घालायचं आणि भरलेल्यावर फडकं ताणून बांधायचं, असं ठरलं. मीही हात लावला. वाकून आत हात घालून टिपाड घासताना खांदे भरून येतात, आणि आक्का सत्तरीच्या पुढच्या आहेत. दर आठवड्याला हे करा, असं फलकावर लिहायला किती सोपं आहे.

गल्लीत आता आशाताई नळाच्या पाळीप्रमाणं फिरतात. नळ सुटायच्या आदल्या दिवशी येऊन सांगतात, कारण त्या दिवशी टिपाडं तळाला गेलेली असतात आणि घासायला कुणी नाही म्हणत नाही. सरकारी कोरडा दिवस शुक्रवारी असो की रविवारी, आमचा नळाला बांधलेला आहे. त्यानं फरक पडला आहे, असं अण्णा म्हणतात. पण नळ दहाव्या दिवशी आला की त्यांचा चेहरा उतरतो. तोवर डास उडून गेलेला असतो. म्हणून त्यांनी अर्ज लिहायला घेतला आहे. पावसाळ्याचे चार महिने तरी सात दिवसांच्या आत पाणी सोडावं, आणि का, ते अंड्यापासून डासापर्यंतच्या दिवसांच्या हिशेबासह. कच्चा मसुदा त्यांनी आक्कांना वाचून दाखवला. आक्का म्हणाल्या, हिशेब ठीक आहे, पण शेवटी आणखी एक ओळ घाला. "रोज पाणी द्या, एकबी टिपाड ठेवत नाही मी घरात."

अण्णांनी ती ओळ घातली आहे. सध्या दारोदार सह्या घेत फिरताहेत.